जागा नाही म्हणायचं गाणं

८ डिसेंबर

मदर एउलालियांनी आज पुन्हा विचारलं, झोप लागते का म्हणून. मी म्हटलं, लागते की. त्यांनी माझ्या मानेकडे पाहिलं आणि हसल्या. मेली माझी मान! लहानपणापासून हेच. तोंडातून खोटं बाहेर पडायच्या आत मान लाल होते आणि आवाज कापायला लागतो. आई म्हणायची, फिदेलिनाला विचारायची गरजच नाही, नुसतं बघायचं.

झोप नाही हेच खरं. राजधानीतल्या आमच्या शाळेत एकोणीस वर्षं मुलींना हिशेब शिकवला. तिथे भीती म्हणजे तपासनीस यायचे त्याची. गेल्या महिन्यात या टेकडीवरच्या वस्तीत बदली झाली. बस वस्तीत शिरताना ड्रायव्हरनं सगळ्या काचा खाली करायला लावल्या. वळणावर पोरं बसलेली असतात, त्यांना आत कोण आहे ते दिसलं पाहिजे. एकानं माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही डोलावली. 

इथे टोळी हा शब्द कोणी काढत नाही. 'पोरं' म्हणतात. पोरांनी सांगितलंय, पोरांना विचारा, पोरांना आवडणार नाही.

आम्ही आश्रयमातेच्या भगिनी या संघाच्या नन, या घरात तिघी. एकोणऐंशी वर्षांच्या मदर, सत्तावीसची गिटारवाली सिस्टर दुनिया आणि मी. दुपारी वस्तीतली मुलं येतात, जेवतात, अभ्यास करतात, अंगणात चेंडू बडवतात. पुढच्या दारावर आमच्या संस्थापिकेचं वाक्य रंगवलंय, 'आधी दार, मग प्रश्न.' रोज ते वाचते आणि मनात म्हणते, बाई, तुम्ही इथे राहिला नव्हतात.

१२ डिसेंबर

आज स्वतःची लाज वाटली. परवा बिशपांकडचे एक गृहस्थ मोटारीनं आले होते. आज वळणावरच्या पोरानं विचारलं, गाडी कोणाची. मी सगळं सांगून टाकलं. कोण, कशाला, किती वेळ. दुनिया म्हणाली, "सिस्टर, त्यानं गाडीचं विचारलं होतं. तुम्ही तर पाहुण्यांनी कॉफीत साखर किती घेतली तेही सांगितलंत."

मदर हसल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

नाताळआधीच्या नऊ संध्याकाळींची तयारी चालू झाली आहे. मरिया आणि जोसेफ गाढवावरून वस्तीत फिरणार, दारं ठोठावणार, आसरा मागणार. आतल्यांनी गाण्यातून नाही म्हणायचं. रोज दोन दारं नाकारतात, तिसरं उघडतं. माझ्या डोंगरातल्या गावीही हेच करायचे. मरिया व्हायला दुनियानं ओनेइदाला निवडलंय. पंधरा वर्षांची आहे, मावशीकडे राहते, तिच्यासोबत मक्याच्या भाकऱ्या विकते. आकडेमोडीत इतकी तल्लख की माझ्या शाळेतल्या फी भरून शिकणाऱ्या मुली हिच्यापुढे पाणी भरतील. नखं मात्र कुरतडून कुरतडून रक्त काढते. माझ्या डोंगरी बोलीची नक्कल करते, कार्टी. मला ती आल्यावर बरं वाटतं.

१४ डिसेंबर

डावऱ्यानं ओनेइदाला पांढरे बूट पाठवलेत.

 डावरा म्हणजे पोरांचा म्होरक्या. वय जेमतेम तेवीस. मदर अजून त्याला एल्विन म्हणतात, कारण तो याच अंगणात जेवून मोठा झाला, एका नाताळात जोसेफही झाला होता. निरोप असा, की बूट घालून तयार राहा, नाताळच्या रात्री न्यायला येतो. त्यानं नेलेली मुलगी परत घरची होत नाही. आणि नाही म्हटलेल्या शिंप्याच्या मुलीचं गेल्या वर्षी काय झालं ते मला दुनियानं सांगितलं नाही.

पोलिसांत जायचं मीच सुचवलं. दुनिया म्हणाली, तक्रार करणाऱ्याचं नाव संध्याकाळपर्यंत वस्तीत येतं. बसनं पाठवू म्हटलं, तर काचा खाली असतात. ओढ्यापलीकडे दुसऱ्या पोरांचं राज्य, इकडचं माणूस तिकडे दिसलं तर जित्तं परत येत नाही. म्हणजे चारी वाटा बंद.

ओनेइदा आज हसली नाही. बूट पिशवीत घालून आणले होते. मला म्हणाली, "सिस्टर, मापाचे आहेत हो. माझं माप त्याला कसं कळलं?" मी पिशवीचं तोंड बांधून टाकलं. 

जेवताना मदर भलतंच विचारत बसल्या. माझं गाव किती उंचावर, थंडी किती, आई एकटीच राहते का, शेवटची बस कुठे सोडते. म्हातारपणी माणसाला असंच होतं. जग बुडायला आलंय आणि ह्यांना माझ्या गावच्या बटाट्यांची चौकशी.

१६ डिसेंबर

पहिली संध्याकाळ पार पडली. ओनेइदा निळी शाल घेऊन गाढवावर बसली, पायात जुन्या चपला. वळणावरच्या पोरांनी टोप्या काढल्या. डावरा भिंतीवर बसून होता. त्यानं चपला पाहिल्या. मी पाहिलं त्यानं पाहिलेलं.

फटाके सुरू झालेत. प्रत्येक आवाजाला मी दचकते. फटाका कोणता आणि दुसरं कोणतं, हे इथल्या लहान पोरांना कळतं, मला नाही.

१८ डिसेंबर

काय करून बसले मी!

आज नाकारणाऱ्या दारांत आमचं घर होतं. मिरवणूक खालच्या गल्लीतून निघणार, आमचं दार दुसरं. मी आत बारा-पंधरा मुलांना घेऊन दाराला पाठ लावून उभी. मदर स्वयंपाकघरात पाक उतरवत होत्या. दार वाजलं. मला वाटलं, लवकर आले. मुलांनी लगेच सुरू केलं, जा पुढे जा, इथे नाही जागा. पुन्हा वाजलं, मुठीनं, भराभरा. मग ओनेइदाचा आवाज, "सिस्टर, मी आहे. उघडा ना." मुलं खिदळली, मरियेला गाणं येत नाही म्हणाली, आणि आणखी जोरात ओरडून गायला लागली.

बाहेर मोटारसायकलचा आवाज होता. गाढवाच्या टापा नव्हत्या, गिटार नव्हती. मला कळलं नाही असं कसं लिहू? काहीतरी चुकतंय हे कळलं होतं. कडीवर हात गेला होता. पण धाबं दणाणलं आणि मीही गायले, सगळ्यात मोठ्यानं, जा पुढे जा. मग ठोठावणं थांबलं. मोटारसायकलही गेली.

पाव तासानं खरी मिरवणूक आली. गाढवाची पाठ रिकामी. दुनियाचा चेहरा पांढराफटक. ओनेइदा खालच्या गल्लीत आलीच नाही, म्हणाली. मी सांगितलं काय झालं ते. रडता रडता सांगितलं. मदर एप्रनला हात पुशीत बाहेर आल्या, म्हणाल्या, "मुलांना खायला द्या आधी."

खायला! पोरगी गेली आणि ह्यांना तोरेहा वाटायच्या होत्या. मुलांनी गुळाच्या पाकातले ते पावाचे तुकडे बोटं चाटत खाल्ले. मला ताटाकडे बघवेना.

१९ डिसेंबर

तिची मावशी म्हणते, घरी आली नाही. कोणी काही पाहिलेलं नाही. इथे कोणी कधीच काही पाहत नाही.

नेलं त्यानं तिला. माझ्या दारातून नेलं. 'आधी दार' लिहिलेल्या दारातून.

मदरना म्हटलं, मला परत पाठवा, मी या घराच्या लायकीची नाही, भित्री भागूबाई आहे. त्या म्हणाल्या, "नाताळ होऊ दे. आत्ता मला तू इथेच हवीस." कशाला हवी ते सांगितलं नाही. आणि दुनिया! काल पांढरी पडली होती, आज सकाळी गिटारीच्या तारा जुळवत गुणगुणत होती. आजकालच्या मुलींना काही लागत नाही मनाला.

२१ डिसेंबर

तो आला होता.

भरदुपारी. मी एकटी फाटकाशी झाडत होते. डावरा आणि दोघे.  झाडू हातातून पडला, तो त्यानंच उचलून भिंतीला लावला. मग म्हणाला, "ओनेइदा कुठाय?"

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या आत काय फुटलं कोण जाणे. मी म्हटलं, "मला विचारतोस? तूच नेलीस ना तिला? माझ्या दारावर मुठी आपटत होती रे ती, आणि मी आतून गाणं म्हणत होते. कुठे ठेवलीस तिला? जिवंत आहे का, एवढं तरी सांग." आणि त्याच्या शर्टाला धरून रडायला लागले. नाकातोंडातून पाणी. त्यानं माझे हात सोडवले नाहीत. माझ्या तोंडाकडे, मानेकडे बराच वेळ बघत राहिला. मग दोघांना म्हणाला, "हिला माहीत नाही. चला."

ते गेले आणि मी पायरीवरच बसले.  मदर खिडकीत उभ्या होत्या. एवढा वेळ तिथेच असाव्यात, पण मदतीला आल्या नाहीत. नंतर दुनियानं सांगितलं की ते आमच्या घराची झाडाझडती घ्यायला आले होते. मग न घेता कसे गेले? देवाची करणी.

मदरनी मला आज स्वतः कॉफी करून दिली. वरून म्हणाल्या, "खोटं बोलता न येणं ही मोठी देणगी आहे, फिदेलिना." चेष्टाच की ही.

२३ डिसेंबर

रात्र रात्र डोळा लागत नाही म्हणून दिवसा कामाला जुंपून घेते. पण या घरात कामही धड करू देत नाहीत. चॅपेलमागची खोली झाडायला गेले तर चौथ्या दिवशीही कुलूप. दुनिया म्हणे, येशूबाळाच्या मूर्तीला रंग लावलाय, धूळ बसेल. चार दिवस कसला वाळतोय रंग?

भाकऱ्यांचा हिशेब लागत नाही. मी हिशेबाची बाई, मला कळतं. चिमणीएवढं खाणाऱ्या मदर आता ताट खोलीत मागवतात, आणि वर आणखी घावन मागतात. म्हातारपणाची भूक, म्हणतात. माझा तपकिरी लोकरी स्वेटरही गेला, आईनं विणलेला. दुनियाला विचारलं तर म्हणाली, कोणा गरजूला दिला असेल चुकून. चुकून! इथे घामाच्या धारा लागतात, कोणाला गरज पडली लोकरीची?

रागानं लिहिते आहे, कारण राग असला की भीती जरा कमी वाटते. उद्या नाताळची रात्र. त्यानं दिलेला दिवस. ती त्याच्याकडेच असेल तर उद्याचं काय भय उरलं? आणि नसेल तर कुठे आहे?

उद्या मरिया कोण, विचारलं. पाववाल्याची नोहेलिया, बारा वर्षांची. तिच्या डोळ्याला रांजणवाडी आलीय, म्हणून चेहऱ्यावरून जाळीचा पदर सोडायचा, असं दुनिया म्हणाली. मरियेच्या तोंडावर पदर आमच्या डोंगरात कधी कोणी सोडला नाही. पण मला कोण विचारतो.

२४ डिसेंबर

आत्ताच परतलो. चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेहून आल्या आल्या लिहायला बसले, नाही तर छाती फुटेल.

वर्षातून याच एका संध्याकाळी ओढ्यावरचा पूल मोकळा असतो. दोन्हीकडची पोरं मरियेला पलीकडच्या मोठ्या चर्चपर्यंत जाऊ देतात. दिवेलागणीला निघालो. पुढे गाढव, त्यावर नोहेलिया, लगाम धरून मदर, काठी टेकत. इतकं चालणार? म्हटलं, मी धरते, तर ऐकेनात. मी शेजारून मेणबत्ती घेऊन. फटाके कानाशी फुटत होते. प्रत्येक आवाजाला गाढवापेक्षा मी जास्त बिथरत होते.

पुलाच्या तोंडाशी डावऱ्याची पोरं. तो कठड्यावर. एका पोरानं गाढव थांबवलं आणि म्हणाला, कोण आहे बघू द्या. नोहेलिया बिचारी थरथर कापत होती, शालीचे काठ मुठीत. मदर काहीतरी बोलायला लागल्या, तोवर त्याचा हात पदराला गेला होता.

मी त्या हातावर फटका मारला. मी! हातातली मेणबत्ती त्याच्या अंगावर पडली. मी काय ओरडले ते सगळ्यांनी ऐकलं, मलाच आता आठवून घाम येतो. "एक मुलगी गिळलीत, पोट भरलं नाही? आता मरियेचा पदर काढायचाय? काढ. पण आधी ओनेइदा आणून दे. इथे, या पुलावर, सगळ्यांसमोर." गर्दीत बायका रडायला लागल्या. कोणीतरी मागून म्हणालं, खरंय, पोरगी आणा. मग दुसरी बाई म्हणाली. इथे असं कोणी बोलत नाही.

डावरा कठड्यावरून उतरला. मला वाटलं, संपलं. डोळे मिटून 'नमो मरिये' सुरू केलं. तो म्हणाला, "जाऊ दे रे. सिस्टरचं डोकं फिरलंय." आवाज त्याचा कसनुसा झाला होता, लोकांसमोर चोर म्हटल्यावर होतो तसा.

पूल ओलांडला. मदरचा हात माझ्या हातात होता आणि बर्फासारखा गार होता. म्हणजे त्याही घाबरतात!

मिस्सेत माझं लक्ष लागलं नाही. परतताना नोहेलिया साध्या फ्रॉकमध्ये माझ्या पुढून पळत गेली, हातात तोरेहा, तोंडभर पाक. डोळा अगदी स्वच्छ. रांजणवाडी तासाभरात बरी झाली. मरियेची कृपा, दुसरं काय. त्या कृपेतला एक थेंब ओनेइदाला मिळाला असता तर.

२६ डिसेंबर

सकाळी आईचा फोन. ती गावच्या दुकानातून बोलते आणि तार मध्ये नसल्यासारखी ओरडते.

"पोचली गं बाई तुझी पोरगी. काल संध्याकाळच्या बसनं. तू अशी कशी पाठवलीस गं, पायात मोजे नाहीत!"

मी म्हटलं, कोणती पोरगी?

"आता कोणती म्हणजे? तुझा तपकिरी स्वेटर घालून आलेली. ढगळ होतो तिला, पण ऊब आहे. खाते चांगली. नखं मात्र खाते, ती सवय मी मोडीन. तुला निरोप दिलाय, सिस्टर फार बेसूर गातात म्हणून."

रिसीव्हर धरून मी भिंतीला टेकले. आई हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हटलं, आई, हळू बोल, आणि कोणाला काही सांगू नकोस. ती म्हणाली, मदर आपल्या गावच्या फादरांच्या फोनवर बोलल्यात माझ्याशी, मला काय शिकवतेस. त्यांनी एवढंच बजावलं होतं की तुला फोन करू नको. पण नाताळाला मुलीला फोन नाही करायचा म्हणजे काय?

स्वयंपाकघरात गेले. मदर वाटाणे सोलत होत्या. मी समोर उभी राहिले तशी त्यांना कळलं. म्हणाल्या, "तुझ्या आईला राहवलं नाही ना?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आठ दिवस मी रोज मरत होते, तुम्ही खिडकीतून बघत होतात, असं बरंच. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढच्या दाराला गाणं असतं, फिदेलिना. मागच्या दाराला नसतं. ती मागून आली आणि मी घेतली. तुला सांगितलं असतं तर तुझ्या मानेनं एल्विनला सांगितलं असतं. तुझ्या रडण्यानं घराची झडती टळली. परवा पुलावर पदराखाली तीच होती, आणि मी काय बोलणार होते, मला अजून माहीत नाही."

मग त्यांनी वाटाण्यांतच हात ठेवून सांगितलं, मला माफ कर. मदरनी. मला. मी पुन्हा रडले, पण हे रडणं वेगळं होतं. ती जिवंत आहे. माझ्या आईच्या चुलीशी बसली आहे. मोजे नाहीत एवढंच तिचं दुःख आहे.

इतपत लिहून झालं आणि फाटक वाजलं.

डावराच होता, एकटा. दुनिया उठली, मदर उठल्या. मी म्हटलं, थांबा. तुम्ही गेलात तर त्याला वाटेल, आज फिदेलिना का नाही आली. माझी पाचावर धारण बसली होती, पण गेले.

तो पायरीवर बसला होता. टोपी हातात. दोन दिवसांत वस्तीतल्या बायका त्याच्या तोंडावर बोलायला लागल्यात, भाकरवालीनं त्याला भाकरी विकायला नकार दिला, हे दुनियानं सांगितलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिस्टर, मी तिला नेली नाही. माझ्या आईची शपथ. मी येईपर्यंत ती गेली होती. मलाही माहीत नाही ती कुठाय. तुम्ही तरी मला तसं म्हणू नका."

खरं बोलत होता. अक्षर न् अक्षर खरं. या वस्तीत मला महिना झाला, इतकं खरं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. आणि मला स्वेटर दिसत होता, चूल दिसत होती, मान तापत होती. आता तो वर बघणार आणि सगळं वाचणार.

त्यानं वर पाहिलं.

"खोटारडा," मी म्हटलं.

त्यानं टोपी घातली आणि टेकडी उतरून गेला. मी फाटकाला कडी घातली. मान लाल झाली असणारच, पण सकाळपासून रडून माझं सगळं तोंडच लाल होतं. आणि आवाज कापत होता, पण त्याच्यासमोर तो नेहमीच कापतो.